मांडल्याशिवाय सुटत नाही



कळंब तालुक्यातील आपल्या कामाविषयी सांगायला मी निरनिराळ्या मंडळ्यांत जाते. उपासनेनंतर चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्याकडच्या त्या विधवा बहिणी आता मागचे विसरल्या का?" विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते, यात शंका नाही. पण "विसरल्या का" या शब्दांत एक गैरसमज दडलेला आहे. तो आपल्या प्रार्थनांत शिरला आहे आणि सांत्वनाला गेल्यावर तो आपल्या तोंडूनही निघतो. झालेले दुःख देवावर श्रद्धा ठेवून सोडून द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे या वेळी थोडे सविस्तर लिहिते.

कळंब म्हटले की बाहेरच्या माणसाला चिंतामणीचे देऊळ आठवते. गावाबाहेर पडलात की कपाशी, तूर, सोयाबीन, आणि त्याच्या पलीकडे गोंड व कोलाम बांधवांच्या वस्त्या. कोलामांच्या वस्तीला इकडे पोड म्हणतात. महाराष्ट्रात आदिम जमाती म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी कोलाम ही एक. दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. पोडातील बहुतेक घरांची थोडी कोरडवाहू जमीन असते. काहींची तीही नसते, मग दुसऱ्याच्या शेतावर मजुरी. आमच्या जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्यांविषयी आपण वर्तमानपत्रांत खूप वाचले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आणखी एक आघात झाला. कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावे लागले. त्या साली कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती. पाठीवर पंप घेऊन तिच्यात शिरले की फवारा तोंडावर, छातीवर येई.

फवारणीच्या विषबाधेने नवरा गमावलेली एक बहीण आमच्या बायकांच्या प्रार्थनासभेला येते. तिच्या संमतीने, पण नाव-गाव न देता तिच्याविषयी लिहीत आहे. (सभेला येणाऱ्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही. तशी अटही नाही.) तिचे दुःख नवरा गेल्याचे आहे, असे सगळ्यांना वाटे. ते होतेच. पण त्याच्याखाली दुसरे एक होते आणि ते बाहेर यायला फार दिवस लागले. फवारणीच्या वेळी पाणी वाहायचे काम इकडे बायकांचे. ती म्हणाली, "ताई, पानी मीच आनून देत होती. पंप मीच भरून देल्ला."

आता या बाईला आपण "विसरून जा, देवाची तशीच इच्छा होती" असे सांगितले तर काय होते? पहिले म्हणजे ती गप्प बसते. दुसरे, तिच्या मनात असे पक्के होते की देवाने तिच्याच हातून नवऱ्याला विष पाजले. आपण सांत्वन म्हणून दिलेले वाक्य तिच्या मानेवर दगड होऊन बसते.

"मागचे विसरा" या सल्ल्याला आपण वचनाचा आधार देतो, तोही नीट वाचला पाहिजे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल मागच्या गोष्टी विसरून पुढे धावण्याविषयी बोलतो. पण त्याच अध्यायात वर पाहा. तो कोणत्या गोष्टी मागे टाकतो आहे? आपले कूळ, आपली जमात, आपले परूशीपण, आपले नीतिमत्त्व. म्हणजे ज्यांचा तोरा मिरवावा त्या गोष्टी. आपण मंडळीचा छळ केला हे तो विसरला नव्हता; ते तो आपल्या पत्रांतून पुन्हा पुन्हा सांगतो. आपल्याला पडलेले फटके, दगडांचा मार आणि फुटलेली तारवे यांचा हिशेब तर त्याने करिंथकरांस आकड्यांसकट कळवला आहे. तेव्हा दुःखिताच्या आठवणी पुसून टाकण्यासाठी हे वचन वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून जवळचे उदाहरण योसेफाचे. भावांनी विकले, परक्या देशात खोटा आळ आला, तुरुंगात वर्षे गेली. पुढे मिसर देशात मान मिळाला, लग्न झाले, मुलगा झाला. त्याचे नाव त्याने मनश्शे ठेवले. विसर पाडणारा, असा त्या नावाचा अर्थ. बापाच्या घरचे सगळे कष्ट देवाने विसरायला लावले, असे त्याला तेव्हा मनापासून वाटले असणार. आणि मग दुष्काळ पडतो, भाऊ धान्य मागायला दारात उभे राहतात, आणि मनश्शेचा बाप बाजूला जाऊन रडतो. उत्पत्तीच्या त्या शेवटच्या अध्यायांत तो निदान सात वेळा रडल्याची नोंद आहे. म्हणजे विसरणे झालेच नव्हते. जे झाले ते वेगळे होते, आणि ते शेवटच्या अध्यायात दिसते. याकोब मरण पावल्यावर भाऊ घाबरतात, की आता हा सूड घेईल. तेव्हा योसेफ त्यांना उलट विचारतो की मी देवाच्या जागी आहे काय. भावांनी केले ते वाईटच होते, हेही तो त्यांच्या तोंडावर सांगतो. त्याला गोड नाव देत नाही. पण निकाल देणारी खुर्ची आपली नाही, हे त्याला ठाऊक आहे. आधी एकदा त्याने याच भावांना सांगितले होते की आपण देवाचे भय बाळगतो.

"देवाचे भय" हा शब्द पोडात समजावून सांगणे सोपे नाही. भय म्हटले की भुताचे भय, सावकाराचे, जंगलखात्याच्या शिपायाचे. त्यांच्यापासून माणूस पळतो. देवाचे भय त्याच्याजवळ नेते. समजावण्यासाठी मी पोडाच्या नाईकाचे उदाहरण घेते. तंटा झाला की नाईक बसतो, बाकीचे भोवती बसतात. ज्याचे नुकसान झाले तो मनातले सगळे बोलतो, ओरडतो, रडतो. त्याला कोणी अडवत नाही. पण नाईक बोलण्याआधी निवाडा कोणी करत नाही. एवढे सांगितले की बायका मान हलवतात. देवासमोर पूर्ण बोलायचे आणि निवाडा त्याच्यावर ठेवायचा, यालाच मी आदरयुक्त भरवसा म्हणते. यातला पहिला भाग आपण नेहमी गाळतो.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मत्तयाच्या शुभवर्तमानात जो शब्द आहे तो आमच्या जिल्ह्यातील प्रत्येकाला कळतो: ऋण. बँकेचे, सोसायटीचे, सावकाराचे. ते सोडणे म्हणजे काय, हेही इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. कर्जमाफीची घोषणा झाली की आधी यादी निघते. कोणाचे किती, मुद्दल किती, व्याज किती. खात्यावर आकडाच नसेल तर माफ काय करणार? मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दाखल्यातही राजा आधी हिशेब घ्यायला बसतो आणि मग सोडतो. मनातल्या दुःखाचेही तसेच आहे. कोणी काय केले, त्यात माझे काय गेले, मला कशाचा राग आहे, मी स्वतःला कशासाठी दोष देते, हे देवासमोर मांडल्याशिवाय सुटत नाही. न मांडता सोडले म्हणणारा माणूस व्याज भरतच राहतो.

आणि ही मागणी प्रार्थनेत कुठे येते? रोजच्या भाकरीच्या लगेच पाठोपाठ. त्यावरून मला वाटते की सोडणेही रोजचेच आहे. एका शिबिरात, एका रात्रीच्या प्रार्थनेत सगळे मोकळे झाले, अशा साक्षी आपल्याला ऐकायला आवडतात. देव तसेही करतो. पण मी पाहिलेल्या बहुतेकींना तेच दुःख पुन्हा पुन्हा देवाच्या हवाली करावे लागले.

या बाबतीत आपल्याच मराठी मंडळीतील सर्वांत मोठी साक्ष पंडिता रमाबाईंची आहे. मुक्ती मिशनमुळे आपण त्यांना ओळखतो, पण त्यांच्या दुःखाचा क्रम आपण सावकाश वाचत नाही. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत. दक्षिणेत दुष्काळ पडला, होते ते संपले, आणि १८७४ मध्ये वडील उपासमारीने गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. वडिलांचा देह उचलायला माणसे मिळाली नाहीत. भावाने तो धोतरात बांधून एकट्याने वाहून नेला. मग थोड्याच महिन्यांत आई गेली, मोठी बहीणही गेली. राहिलेली दोघे भावंडे पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथे रमाबाईंचा सन्मान झाला, पंडिता ही पदवी मिळाली. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, पुढच्या वर्षी मनोरमेचा जन्म, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा. हाताशी वर्षाचीही नसलेली मुलगी.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्या प्रामाणिकपणे सांगतात की त्यांना तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडायला त्यानंतर आठेक वर्षे लागली. धर्म पटला होता, उपासना होत होती, तरी मन टेकले नव्हते. आपल्या मंडळीत जी माणसे वर्षानुवर्षे येतात आणि आतून अजून जड आहेत, त्यांना हे मुद्दाम सांगावे असे मला वाटते.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे मरू लागली, पोरक्या मुली रस्त्यावर आल्या. रमाबाईंचे काम तेव्हा पुण्यात शारदा सदनात चालले होते. भुकेने मेलेल्या बापाची आठवण असलेली बाई दुष्काळाकडे पाठ फिरवू शकली असती. कोणी नावे ठेवली नसती. त्या उलट दुष्काळाच्या दिशेने गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परत आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्या मुलींना केडगावच्या जमिनीवर नेले. मुक्तीची वाढ तिथून झाली. त्याच वेळी, १८९७ मध्ये, त्यांनी आपल्या घराने भोगलेल्या दुष्काळाची हकीकत लिहून प्रसिद्ध केली. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या त्या आठवणींतील एकही गोष्ट त्यांनी झाकली नाही. आठवण शाबूत होती, आणि तिच्यामुळेच समोरच्या मुलीच्या पोटात काय चालले आहे हे त्यांना कळत होते. मला वाटते, सोडून दिल्याची खूण हीच. आठवण असते, पण ती आपल्याला हाकत नाही. आपण तिला कामाला लावतो.

पुढे १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा इब्री व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करत होत्या, मुक्तीतल्या मुलीच त्याची जुळणी करत. लेक गेल्यावरही त्यांनी ते काम टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या आणि ते शास्त्र १९२४ मध्ये छापून निघाले.

लक्ष्मीबाई टिळकांचेही नाव घ्यायला हवे. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या मागे राहिल्या, लोकांचे बोलणे सोसले, आणि पुढे काही वर्षांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. "स्मृतिचित्रे" ज्यांनी वाचले आहे त्यांना माहीत आहे की ती सगळी हकीकत त्या हसवत हसवत सांगतात. नवऱ्याचा लहरीपणा, सासऱ्यांचा जाच, काहीही वगळलेले नाही. कडवटपणा मात्र शोधूनही सापडत नाही.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगायची आहे, कारण तिथे फार घोटाळा होतो. देवावर निवाडा सोपवला म्हणजे तहसील कचेरीत जायचे नाही, असे नाही. "सूड देवाकडे सोपवा" असे लिहिणाऱ्या पौलाने फिलिप्पै शहरात, चौकशी न करता फटके मारून आपल्याला गुपचूप घालवू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना सांगितले की स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या. पुढे त्याने सरळ कैसराकडे दाद मागितली. त्याने सूड सोडला होता, हक्क सोडला नव्हता. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात शासनाकडून कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेव म्हणून ठेवतात. २०१७ च्या फवारणीतील मृतांच्या कुटुंबांना २ लाखांची मदत जाहीर झाली होती. पण आत्महत्येच्या मदतीसाठी सातबारा लागतो, कर्जाचा पुरावा लागतो, आणि ज्याची शेती वनजमिनीवर आहे व वनहक्काचा पट्टा अजून हातात नाही, त्याचे प्रकरण "अपात्र" म्हणून परत येते. ते कागद जमवायला आम्ही जातो. एका पाळकांनी मला विचारले होते की हे आत्मिक काम आहे का. विधवेचा खटला कोण चालवतो याविषयी संदेष्ट्यांनी काय लिहिले आहे, ते यशयाचा पहिलाच अध्याय उघडून पाहावे.

काही दुखापती अशा असतात की त्यात अपराधी माणूस समोरच राहतो, आणि त्याच्याकडून पुन्हा धोका असतो. अशा वेळी क्षमा करणे म्हणजे पुन्हा त्याच्या हाती सापडणे, असे कोणत्याही बाईला किंवा मुलीला सांगू नये. दारू पिऊन मारणाऱ्याला मनातून क्षमा करता येते आणि पोलिसांत तक्रारही देता येते. योसेफानेसुद्धा भावांना ओळख देण्याआधी ते बदलले आहेत का, हे नीट पारखून घेतले होते.

मग प्रत्यक्ष सभेत आम्ही काय करतो? फार काही नाही. पूर्वी गाणी आणि संदेश यातच वेळ जाई. आता स्तोत्रसंहितेतील विलापाचे एखादे स्तोत्र वाचतो. दीडशे स्तोत्रांतील साधारण तिसरा हिस्सा तक्रारीचा आहे, ही गोष्ट बायकांना नवीन होती. देवाशी असे बोलता येते? एका म्हातारीने तर पुस्तकात खरेच तसे लिहिले आहे का, म्हणून मला तो भाग दोनदा वाचायला लावला. कधी रूथच्या पुस्तकातील नामीची गोष्ट घेतो. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून ती बेथलेहेमास परत येते आणि वेशीतच सांगते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. देवाने मला रिकामे आणले, असे ती चारचौघींत बोलते. शास्त्र तिला कुठेही दटावत नाही. वाचून झाल्यावर ज्या बोलू पाहतात त्या बोलतात, बाकीच्या ऐकतात. कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही, एवढाच नियम. मोहफुले वेचायच्या दिवसांत आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात सभा भरत नाही, कारण कोणी घरी नसते.

ती पंपाची गोष्ट अशाच एका सभेत बाहेर आली. सांगून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग शेजारची आजी म्हणाली, "बाई, आमी समद्याच पानी वाह्यतो." तिला त्या दिवशी जे मिळाले ते माझ्या कोणत्याही संदेशातून मिळाले नसते. पुढे प्रार्थनेत तिने स्वतःच्या बोलीत देवाला सगळे सांगितले. शेतमालकाने हातमोजे दिले नव्हते, तोंडाला बांधायला काही दिले नव्हते, दवाखान्यात न्यायला उशीर झाला होता. आपण पंप भरला होता. आणि शेवटी म्हणाली की आता तू पाहा.

ती बरी झाली का? मजुरीला जाते, मुले आश्रमशाळेत आहेत, हसतेही. पण पोळ्यानंतर फवारणीचा वास गावभर येऊ लागला की तिची झोप जाते. मग ती येऊन बसते आणि तेच सगळे पुन्हा देवाला सांगते. फरक विचाराल तर एवढा, की आता ती "मी भरून दिला" म्हणून थांबत नाही. त्याच्या पुढचेही बोलते. गेल्या हंगामात शेजारच्या तरुण पोराला तिने उघड्या अंगाने फवारणीला जाऊ दिले नाही. घरातले जुने पूर्ण बाह्यांचे कापड त्याच्या हातात दिले, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नको म्हणून मागे लागली.

शेवटी एक विनंती आहे. वर्ध्याहून कळंबपर्यंत आता रेल्वे झाली आहे, त्यामुळे काम पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची सोय वाढली. जरूर या. मात्र पोडात गेल्यावर कोणत्याही बहिणीला "ते कसे झाले, सांगा ना" असे विचारू नका, आणि ती रडत असताना फोटो काढू नका. तिने जे मांडले आहे ते योग्य ठिकाणी मांडले आहे. तुम्हाला तिच्याशी बोलायचेच असेल तर या वर्षी कापूस कसा आहे ते विचारा. ती चहा ठेवेल, तो कोरा असतो. आणि पावसाळ्याआधी हातमोजे, तोंडावरचे मुखवटे आणि जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट पाठवता आले तर पाठवा. मे अखेरपर्यंत पोहोचले तर पेरणीच्या धांदलीआधी वाटता येतील.